ग्रीन कार्डाच्या रांगेआधी
९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील निबंध वाचला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने भारतीय कामगारांना दार बंद केले. विद्यार्थ्यांसारख्या काहींना सूट राहिली. १९२३ साली नागरिकत्वासाठी भगतसिंग थिंड यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला, की आपण उच्चजातीय, म्हणून गोरे. थिंड शीख होते, तरीही! दावा फेटाळला गेला. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा मिळाल्या. वाट खरी मोकळी झाली ती १९६५ च्या कायद्याने.

आम्ही एच-वन-बीवर आलो. आमच्या अर्जात जात विचारत नाहीत, जन्मदेश विचारतात. नोकरीवरील ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. रांगेतच मुलगी एकवीस वर्षांची झाली, तर आईवडिलांच्या अर्जावरील तिचा हक्क संपू शकतो.