मूल निरीक्षणगृहात असताना मानसिक उपचार: औषध कोण देणार, खर्च कोण करणार?

सोळा वर्षांच्या मुलाची आई माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची अर्धी पट्टी होती. मुलगा चार दिवसांपासून निरीक्षणगृहात होता. नैराश्यासाठी आठ महिने चालू असलेली गोळी घरीच राहिली होती आणि तिच्याबद्दल आईने पोलिसांना, वकिलांना, कुणालाच सांगितलं नव्हतं. "सांगितलं तर वेडा ठरवतील, केस अजून बिघडेल, डॉक्टर," असं तिचं म्हणणं.

असे पालक मला अधूनमधून भेटतात. मुलाने काय केलं किंवा केलं नाही, हा डॉक्टरच्या अखत्यारीतला विषय नाही. पण अशा मुलांच्या उपचारांत एक गोष्ट नेहमी दिसते. उपचार तुटतात ते दारात. एकदा आत जाताना आणि दुसऱ्यांदा बाहेर येताना. आत डॉक्टर असतात, बाहेर सरकारी रुग्णालय असतं, कागदावर योजनाही असतात. मधल्या दारातून माहिती पलीकडे न्यायची असते आणि ते काम बहुतेक वेळा घरच्यांनाच करावं लागतं.

कायदा काय म्हणतो

अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप झाला तर त्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याचं प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे चालतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावं लागतं. जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. जामीन मिळाला नाही तर चौकशी चालू असेपर्यंत मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. जुने लोक याला अजूनही रिमांड होम म्हणतात.

मंडळाच्या आदेशाने मूल निरीक्षणगृहात असतं, तेव्हा त्याचं जेवण, कपडे आणि औषधपाणी ही संस्थेची जबाबदारी असते. कायद्याच्या कलम ५३ मध्ये वैद्यकीय सेवेबरोबरच समुपदेशन, मानसिक आरोग्याचे उपचार आणि व्यसनमुक्ती यांचाही उल्लेख आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार दाखल झालेल्या मुलाची डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, पुढे दर महिन्याला तपासणी व्हायला हवी आणि प्रत्येक मुलाची मानसिक आरोग्याची वेगळी नोंद ठेवायला हवी. तज्ज्ञाने तपासून निदान केल्याशिवाय मानसिक आजाराचं औषध द्यायचं नाही, असंही हे नियम सांगतात. म्हणजे मूल दंगा करतं म्हणून त्याला झोपेची गोळी देऊन गप्प बसवता येत नाही.

संस्थेत सोय नसेल, तर दीर्घ उपचारांची गरज असलेल्या मुलाला योग्य ठिकाणी पाठवण्याचा अधिकार कलम ९२ ने मंडळाला दिला आहे. गंभीर मानसिक आजार किंवा व्यसन असेल तर कलम ९३ नुसार मंडळ त्याला मनोरुग्णालयात हलवू शकतं. दोन्ही गोष्टी मंडळाच्या आदेशाने होतात आणि आदेश हवा तर आधी कुणीतरी अर्ज करावा लागतो. तो अर्ज तुमचे वकील करू शकतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे आणि त्यासाठी घरचं उत्पन्न बघत नाहीत. दूरध्वनी क्रमांक १५१००.

आत जाताना: पहिल्याच भेटीत काय द्यायचं

त्या आईला मी एका पानाचं पत्र लिहून दिलं. त्यात निदान, औषधाचं नाव, मिलिग्रॅममध्ये मात्रा, दिवसातून किती वेळा घ्यायचं, किती महिन्यांपासून चालू आहे, शेवटची गोळी कधी घेतली आणि ती अचानक बंद केली तर काय होऊ शकतं, एवढंच होतं. त्याच्या तीन प्रती काढायला सांगितल्या. एक निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना, एक प्रोबेशन ऑफिसरला म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याला, एक वकिलांना. अधीक्षकांना दिलेल्या पत्राची पोच घ्यायलाही सांगितलं. सुटी गोळी किंवा अर्धी पट्टी आत स्वीकारतील अशी अपेक्षा ठेवू नका. चिठ्ठी आणि न फोडलेलं पाकीट असेल तर काम सोपं होतं.

मुलावर मनोविकारतज्ज्ञ उपचार करत असतील तर पत्र त्यांच्याकडून घ्या. ते लगेच भेटत नसतील तर जुन्या चिठ्ठ्यांवरून तुमचा फॅमिली डॉक्टरही लिहून देऊ शकतो. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती, शाळा, तब्येत, सवयी यांचा अहवाल मंडळाला देतो. कायद्यात त्यासाठी दोन आठवड्यांची मुदत आहे. आजार त्या अहवालात यायला हवा असेल तर तुम्ही आधी बोलायला हवं.

काही औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं. व्हॅल्प्रोएट हे औषध फिट्ससाठी देतात आणि मूड स्थिर ठेवण्यासाठीही. ते एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी नैराश्याची औषधं एकदम सुटली तर चक्कर, मळमळ, चिडचिड आणि झोप उडणं असा त्रास दोन-तीन दिवसांत सुरू होतो. मग बाहेरच्याला वाटतं, पोरगं मस्ती करतंय. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायलाच हवी.

आता नशेबद्दल. इथे पालक सर्वांत जास्त लपवतात. अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामच्या गोळ्या, म्हणजे काही भागांत पोरं ज्याला 'बटण' किंवा 'कुत्ता गोळी' म्हणतात त्या, रोज घेणाऱ्या मुलाच्या गोळ्या कोठडीत एकदम बंद होतात. त्याला थरथर, घाम, भास आणि फिट येऊ शकते. हा जिवावरचा प्रसंग असतो. दारूचंही तसंच. म्हणून मुलगा काय घेत होता आणि किती घेत होता, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नशेची माहिती डॉक्टरला उपचारासाठी लागते.

"वेडा ठरवतील" या भीतीबद्दल

या भीतीच्या मुळाशी एक गोंधळ आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ कलम १५ नुसार प्राथमिक मूल्यमापन करतं. त्या कृत्यासाठी मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती होती, परिणाम कळण्याची कुवत होती का, हे त्यात पाहतात. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊन मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, याचा विचार होतो. यासाठी मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत घेतं. मंडळाच्या सदस्यांपैकी कुणाकडेच बालमानसशास्त्राची पात्रता नसेल तर ही मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

मूल्यमापन करणारा मानसशास्त्रज्ञ मंडळासाठी काम करतो आणि त्याचा अहवाल मंडळाकडे जातो. उपचार करणारा डॉक्टर मुलासाठी काम करतो. समोर बसलेली व्यक्ती यातली कोणती, हे विचारायचा तुम्हाला आणि मुलाला हक्क आहे. जरूर विचारा. आजाराचं निदान आहे म्हणून मूल सुटतं असं नाही आणि निदान आहे म्हणून शिक्षा वाढते असंही नाही. माझं मत विचाराल तर आजार लपवून कुणाचा फायदा झालेला मी पाहिलेला नाही. औषध बंद पडून मुलाची वागणूक बिघडली, तर त्याच बिघडलेल्या वागणुकीची नोंद होते.

अशा मुलांमध्ये मानसिक आजार जास्त आढळतात, यात नवल नाही. निरनिराळ्या देशांतल्या बालसुधार संस्थांची सर्वेक्षणं एकत्र करून ऑक्सफर्डच्या सीना फझल यांच्या गटाने २००८ मध्ये जे आकडे काढले, त्यांत साधारण दहापैकी एका मुलाला आणि दहापैकी तीन मुलींना मोठ्या नैराश्याचा आजार होता. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सगळे मानसिक आजार मिळून प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. पद्धती वेगळ्या असल्याने दोन्हींची थेट तुलना करता येणार नाही, पण अंदाज येतो. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून, भांडणातून, पोटदुखी-डोकेदुखीतून जास्त दिसतं, हेही लक्षात ठेवा.

खर्चाचं गणित

निरीक्षणगृहात असताना उपचारांची जबाबदारी संस्थेची, म्हणजे पर्यायाने शासनाची असते. औषधं बाहेरून आणून द्या असं सांगितलं गेलं, तर तसं लेखी मागा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

मूल घरी आल्यावर योजनांचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यात मानसिक आजारांवरचे उपचारही येतात. पण या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत आणि मानसिक आजारांचे बरेचसे उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. खासगीत जाण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. शिधापत्रिकेत मुलाचं नाव आहे ना, तेही आजच बघून ठेवा. नाव नसल्याचं दाखल करायच्या दिवशी समजलं तर धावपळ होते.

खरी अडचण अशी की या मुलांना दाखल होण्यापेक्षा दर महिन्याची भेट, समुपदेशन आणि नियमित गोळी लागते. योजनेचं कार्ड तिथे फारसं कामाला येत नाही, सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपर, तपासण्या आणि औषधं निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग कुठे बसतो, एवढं विचारा. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे.

खासगी विमा असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. मात्र पॉलिसीत दोन वगळण्या सहसा असतात, त्या वाचा. एक व्यसनावरच्या उपचारांची. दुसरी, गुन्हेगारी हेतूने कायदा मोडताना थेट उद्भवलेल्या उपचारांची. या दुसरीचा अर्थ मुलावर प्रकरण चालू आहे म्हणून त्याचा सगळा विमा बंद, असा होत नाही. कुणी तसं सांगून दावा नाकारला तर कारण लेखी घ्या.

मुलाला दाखल करावंच लागलं तर २०१७ च्या कायद्यानुसार अर्ज पालकाने करायचा असतो, दोन तज्ज्ञांनी तपासायचं असतं, प्रौढांपासून वेगळं ठेवायचं असतं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं. मूल मंडळाच्या ताब्यात असेल, तर सोबत राहण्याची परवानगी अर्जातच मागून घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र उपचारांची संमती त्याची स्वतःची.

बाहेर येताना

आतलं दार आपण सांभाळतो आणि बाहेरच्या दारात चुकतो. जामीन झाला की सगळ्यांना घरी पळायची घाई असते, औषधाचं नंतर बघू म्हणतात. वर सांगितलेल्या मुलाचं तेच झालं. आत त्याची मात्रा बदलली होती आणि बाहेर आल्यावर आईने कपाटातली जुनी पट्टी सुरू केली.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. तिथला मेडिकेड हा सरकारी विमा कोठडीतल्या व्यक्तीच्या उपचारांचे पैसे देत नाही. आता २०२५ पासून शिक्षा झालेल्या २१ वर्षांखालील मुलांसाठी सुटकेच्या आधीच्या ३० दिवसांत तपासणी आणि सुटकेनंतर किमान ३० दिवस पाठपुरावा करायचं राज्यांवर बंधन आलं आहे. आपली व्यवस्था निराळी आहे, पण तो महिना आपणही तितकाच महत्त्वाचा मानायला हवा.

म्हणून सुटकेच्या दिवशी निरीक्षणगृहाकडून तपासणीच्या नोंदींची आणि चालू औषधांची प्रत मागा. किमान आठवडाभर पुरतील इतक्या गोळ्या मागा. जिल्हा रुग्णालयातली पहिली भेट सात दिवसांच्या आत ठरवा. मंडळ आपल्या आदेशात समुपदेशन, उपचार केंद्रात जाणं किंवा व्यसनमुक्ती घालू शकतं. तसं असेल तर प्रत्येक भेटीचा केसपेपर जपून ठेवा, परिविक्षा अधिकाऱ्याला दाखवता येतो. शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना काही सांगायची गरज नाही. मुलाची ओळख प्रसिद्ध करणं हा कलम ७४ नुसार गुन्हा आहे.

वाट पाहू नये असं केव्हा

मरणाबद्दल बोलणं, अंगावर कापल्याच्या खुणा, दोन रात्री अजिबात झोप न येणं, आवाज ऐकू येतात असं म्हणणं, खाणं-पिणं बंद करणं, थरथर किंवा फिट. मूल घरी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, कीटकनाशक आणि उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. मूल आत असेल आणि भेटीत असं काही जाणवलं, तर तिथून निघण्याआधी अधीक्षकांना सांगा, लेखी द्या आणि वकिलांना फोन करा. आत गेल्यानंतरचे पहिले काही दिवस जास्त जोखमीचे असतात. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि निःशुल्क आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.