तांबे आणि काच यांच्यामधला दुभाष्या

समजा, शाळेच्या कार्यालयात इंटरनेटची जोडणी आहे आणि संगणककक्ष मैदानापलीकडे, तीनशे मीटरवर आहे. मधे कोणती केबल टाकायची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे इतिहासात डोकवावे लागते.

1966 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले, की काचेत प्रकाश क्षीण होतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धींमुळे. किलोमीटरभर अंतरानंतर एक टक्का प्रकाश उरला, तरी संदेशवहन जमेल, असे त्यांचे गणित होते. 1970 साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने असा तंतू तयार केला.

आता तांब्याचे दिवस संपले असे वाटेल. पण तसे झाले नाही. 1990 साली इथरनेट हे संगणकांचे जाळे पीळ दिलेल्या तांब्याच्या तारांवर चालवण्याचे मानक ठरले. तार स्वस्त, जोडायला सोपी. मर्यादा मात्र 100 मीटरची. 1993 च्या मानकाने तोच वेग प्रकाशतंतूवरून 2 किलोमीटर नेला. इमारतीत तांबे आणि दोन इमारतींमध्ये काच, अशी कामाची वाटणी झाली. मग दोन्ही टोकांना एकेक दुभाष्या आला : मीडिया कन्व्हर्टर.

विद्युतसंकेत आला, की तो बारीक दिव्याची किंवा लेसरची उघडझाप करतो. प्रकाश आला, की फोटोडायोड त्याची पुन्हा वीज करतो. संदेशाचा अर्थ त्याला कळत नाही. म्हणून निवडीतली चूक तो सावरून घेत नाही.

1993 च्या मानकातला प्रकाश 850 नॅनोमीटरचा होता; दहापट वेगाच्या 1995 च्या मानकात तो 1300 नॅनोमीटरचा झाला. एका टोकाला जुने व दुसऱ्या टोकाला नवे उपकरण बसवले, तर तंतू उत्तम असूनही दोघे मुकेच राहतात. तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात : तंतूच्या दोन्ही टोकांना वेग एकच आहे ना? एकाने पाठवलेली तरंगलांबी दुसऱ्याला ओळखता येते ना? आणि तंतूचा गाभा 50 किंवा 62.5 मायक्रॉनचा आहे, की अवघा 9 मायक्रॉनच्या आसपासचा?

आणि इमारती ऐंशी मीटरवर असल्या तर? तांबे पुरेल खरे. पण जवळपास वीज कोसळली, तर तीच तार विजेचा धक्का दोन्ही इमारतींतल्या संगणकांपर्यंत पोचवू शकते. काच वीज वाहून नेत नाही. अशा वेळी आपण काचच निवडावी.