घंटा वाजायच्या आत

कुंभवलीत प्रश्नमंजुषा ठेवायची, तर एक प्रश्न सुरुवातीलाच बाद करावा लागतो: भारतातलं पहिलं अणुविद्युत केंद्र कुठे आहे? लातूरच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला हे पाठ करावं लागतं. इथे कोणाचा काका त्याच केंद्रात नोकरीला असतो, तर कोणाची आई तिथल्या कॉलनीत कामाला जाते. तारापूरचं केंद्र 28 ऑक्टोबर 1969 रोजी रीतसर वीज पुरवू लागलं आणि तेव्हापासून हे नाव सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांतून हललेलं नाही. कुंभवली, कोलवडे, सालवड, पास्थळ ही गावं साऱ्या देशाच्या परीक्षेत येणाऱ्या एका उत्तराच्या शेजारी नांदतात. म्हणून तो प्रश्न चुकून विचारलाच, तर मंडपातली पहिलीतली पोरं ओरडून उत्तर देतात आणि बाकड्यावरचे स्पर्धक हिरमुसतात.

खेळ आता इतका अंगवळणी पडलाय, की तो सुरू कधी झाला असं कोणी विचारत नाही. गणपतीत संध्याकाळची आरती आटोपते, माइकवर नावं पुकारली जातात, चार-चार जणांचे गट बसतात, कोणाच्या तरी मोबाइलवर तीस सेकंद लावले जातात. ‘पास’ म्हटलं की प्रश्न पुढच्या गटाकडे. जणू हे सगळं पूर्वापार असंच चालत आलंय. कुळ शोधणारे तर थेट यक्षापाशी नाहीतर वेताळापाशी जाऊन थांबतात. मला ते पटत नाही. यक्षाचे प्रश्न शहाणपणाचे होते, वेताळाचे न्यायाचे. आजीने घातलेलं कोडं रात्रभर डोक्यात घोळवून सकाळी सोडवलं तरी चालायचं. वाऱ्याहून वेगवान काय, याचं उत्तर विचार करून सापडतं. मंगोलियाची राजधानी कोणती, हे कितीही डोकं खाजवलं तरी सापडत नाही. ते माहीत असतं किंवा नसतं. असली सुटी माहिती कोणाला किती आहे हे मोजायची हौस बरीच अलीकडची. तिचा एक उगम चक्क कारखान्यात आहे, आणि हे एमआयडीसीच्या शेजाऱ्यांना मुद्दाम सांगायला हवं.

1921 साली थॉमस एडिसनने नोकरी मागायला येणाऱ्यांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी केली. फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश लागतात, सर्वांत चांगला कापूस कुठे पिकतो, असले प्रश्न. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना काही येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. नापास झालेल्या एका उमेदवाराने आठवतील तेवढे प्रश्न वर्तमानपत्राला सांगून टाकले आणि अमेरिकाभर लोक एकमेकांना ते विचारत सुटले. त्याच महिन्यात आइन्स्टाइन बोस्टनला आले होते. वार्ताहरांनी त्यांच्यापुढेही त्या यादीतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न टाकला. पुस्तकात मिळणारी गोष्ट मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. बोईसरच्या एखाद्या केमिकल कंपनीत आयटीआयच्या पोराने मुलाखतीला असं उत्तर दिलं असतं, तर तो संध्याकाळच्या आत पुढच्या गेटवर दुसरा अर्ज देताना दिसला असता.

एडिसनच्याही आधीचा एक धागा शाळेतला आहे आणि तो जास्त लोभस आहे. आयल ऑफ मॅन बेटावरच्या किंग विल्यम्स कॉलेजात 1905 पासून नाताळच्या सुट्टीआधी सामान्य ज्ञानाचा एक महाकठीण पेपर देतात. पूर्वी पोरं त्यात आपटायची, मग तोच पेपर घेऊन घरी जायची, सुट्टीभर आईबाप, काका, शेजारी यांच्याकडून उत्तरं गोळा करायची आणि परतल्यावर पुन्हा लिहायची. इथे घड्याळ नाही, पण गट आहे. परीक्षा एकाची असली तरी तिला सगळं घर बसतं, हा अनुभव चौथीच्या स्कॉलरशिपची रात्र काढलेल्या मराठी घरांना सांगायला नको.

घड्याळ आलं ते रेडिओमुळे. अमेरिकेत 1936 साली ‘प्रोफेसर क्विझ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यामागून तसल्या कार्यक्रमांची रांग लागली. माझ्या मते तीस सेकंदांचं मूळ इथे शोधावं. समोर माणूस बसलेला असेल तर तो विचार करतोय हे दिसतं. रेडिओवर गप्प बसलेला माणूस म्हणजे बिघडलेला रेडिओ. शिवाय हवेतलं प्रत्येक मिनिट कुठल्या तरी साबणवाल्याने नाहीतर तंबाखूवाल्याने विकत घेतलेलं. तेव्हा विचार करायला मोजका वेळ द्यायचा आणि तो संपत आल्याचं ऐकू यायला हवं, म्हणून टिकटिक. ज्ञानाचा वेगाशी तसा काही संबंध नाही. आपण मात्र पटकन सांगणाऱ्याला हुशार म्हणायला शिकलो ते तेव्हापासून.

गट आणि घंटा यांचं श्रेय डॉन रीड नावाच्या कॅनडियन माणसाचं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीचं काम त्याच्याकडे होतं. युद्धात लढाईपेक्षा वाट बघणंच जास्त, आणि रिकाम्या बसलेल्या जवानांना गुंतवून ठेवणं हा सैन्याचा जुना प्रश्न. त्यासाठी रचलेल्या खेळावरून 1953 साली त्याने ‘कॉलेज बोल’ हा रेडिओ कार्यक्रम उभा केला: दोन विद्यापीठं, चार-चार विद्यार्थी, पहिला प्रश्न ज्याची घंटा आधी वाजेल त्याचा, आणि तो बरोबर आला तर पुढच्या प्रश्नांवर आपसांत कुजबुजायची मुभा. तोच साचा इंग्लंडमध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ नावाने 1962 साली टीव्हीवर आला. आपल्या मंडपातले चार-चारचे गट त्या जवानांचे वंशज आहेत, हे माइकवाल्याच्या गावीही नसतं.

भारतात मंचावरची खुली प्रश्नमंजुषा आली कलकत्त्याला. 1967 साली नील ओब्रायन यांनी तिथल्या ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात ती घेतली. पुढे हे लोण कॉलेजांत पसरलं, पण सगळं इंग्रजीत. मुंबईच्या बाजूला लोकांना हा खेळ ऐकू आला तो एका पेयाच्या डब्यातून. 1972 साली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ निघाली, आधी शहरोशहरी मंचावर, मग रेडिओवर. हमीद सयानी ती घेत. 1975 साली ते गेले आणि सूत्रं त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी यांच्याकडे आली. 1985 साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंची ‘क्विझ टाइम’ सुरू झाली. मराठी शाळेत शिकणाऱ्याला त्यातले निम्मे प्रश्न कळत नसत. तरी उत्तर बरोबर आलं हे टाळ्यांवरून कळायचं आणि तेवढ्यावर बघणारे खूश असत.

इंग्लंडमध्ये मात्र या खेळाने एक वेगळीच वाट धरली, आणि कुंभवलीच्या मंडपाला खरा सख्खा नातेवाईक तोच. 1976 साली शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या पबांसाठी प्रश्नमंजुषेच्या लीग सुरू केल्या. रविवारसारख्या मंद रात्री गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा त्याला बसवून ठेवायला काहीतरी हवं, एवढाच व्यापारी हिशेब. पहिल्यांदा 32 संघ होते. वाढत वाढत आठवड्याला दहा हजार संघ खेळू लागले. यात मंच नाही, निवडलेले हुशार नाहीत. प्रत्येक टेबल हा एक गट, कागद-पेन्सिल घेऊन सगळेच खेळतात. एकाला क्रिकेट येतं, दुसऱ्याला सिनेमा, तिसऱ्याला राजेराण्या. आपल्याकडे पबचा मामला नाही, पण दुसरी पाळी सुटून माणसं यायची आहेत, भजनी मंडळ अजून जेवतंय, आणि तोवर मंडप ओस पडू द्यायचा नाही, ही मंडळाच्या सेक्रेटरीची विवंचना त्या पबवाल्यापेक्षा वेगळी नसते. जवान, पब, मंडप: जिथे माणसं जमलीत आणि करायला काही नाही तिथे हा खेळ रुजला. विद्वानांच्या सभेत तो कधी जन्मला नाही.

भारतीयांनी या खेळात आपली भर घातली ती न्यायबुद्धीची. पन्नास संघ आले तर सगळ्यांना मंचावर कसं बसवणार? म्हणून आधी लेखी चाळणी आणि त्यातले सहा-आठ संघ वर. मग तक्रार अशी, की आमच्या वाट्याला नेमका अवघड प्रश्न आला. त्यावर कॉलेजातल्या क्विझवाल्यांनी ‘बाउन्स’ आणि ‘पाउन्स’ची पद्धत रुळवली. प्रश्न ज्याचा आहे त्याला येत नसेल तर तो पुढे पुढे सरकत राहतो, ही बाउन्स. पाउन्स म्हणजे, पाळी दुसऱ्याची असली तरी ज्याला खात्री आहे त्याने चिठ्ठीवर उत्तर लिहून गुपचूप द्यायचं. बरोबर निघालं तर गुण, चुकलं तर उणे. पाळीच्या नशिबावर काढलेला हा तोडगा मला मूळ खेळापेक्षा हुशार वाटतो. आमच्या भागातल्या मंडपांत तो अजून पोहोचलेला नाही. चिठ्ठ्या तपासायला बसणार कोण, हा खरा प्रश्न.

गावागावात खेळ नेला तो मात्र 3 जुलै 2000 रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ने. मूळ खेळ ब्रिटिश, 1998 सालचा. आपल्याकडे तो उभा केला ‘क्विझ टाइम’वाल्या सिद्धार्थ बसूंच्याच कंपनीने. यात दोन गोष्टी उलट्या झाल्या. उत्तराचे चार पर्याय समोर आले, म्हणजे माहीत नसलं तरी ओळखता येऊ लागलं. आणि मूळ ब्रिटिश खेळात खुर्चीवर बसलेल्याला घड्याळच नव्हतं. रेडिओने आणलेली घाई टीव्हीने काढून टाकली, कारण घाम फुटलेला चेहरा दाखवता येतो. गट मात्र मागच्या दाराने परत आला: मित्राला फोन करा, लोकांना विचारा. इंग्लंडमध्ये तर 2001 साली एका मेजरसाहेबांना बरोबर पर्यायावर खोकणारा साथीदार सापडला; दोघांनाही शिक्षा झाली. आमच्याकडे मंडपात त्या मानाने फारच मोकळेपणाने खोकतात.

आपल्याकडे 2000 सालच्या ऑक्टोबरातच मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा होता, आणि संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला घटना कोणाला परवानगी देते, या शेवटच्या प्रश्नाचं ‘ॲटर्नी जनरल’ हे उत्तर त्या अभ्यासातलंच. 2013 साली सचिन खेडेकरांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ मराठीत आणलं. 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, हिंदी कार्यक्रमात एक कोटी जिंकून आल्या. बोर्नव्हिटाच्या काळात हा खेळ ज्यांच्या घरापर्यंत आलाच नव्हता, त्यांच्यातल्या एका बाईंनी तो जिंकला. नवाथेंच्या कोटीपेक्षा मला त्यांचा कोटी मोठा वाटतो.

त्यामुळे आज कुंभवलीसारख्या गावात प्रश्न काढायला बसणारा दुसरा कोणी नसतो. पोलीस भरतीची किंवा तलाठ्याची तयारी करणारा पोरगा असतो आणि त्याच्या मांडीवर ठोकळा असतो. ठोकळा म्हणजे स्पर्धा परीक्षेचं ते जाडजूड पुस्तक, ज्यात सगळं आहे आणि ज्यावर कोणी शंका घेत नाही. घोळ तिथेच होतो. छापलेली चूक पुस्तकातून पुस्तकात उतरत जाते. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन कोशकाराने हे ओळखून आपल्या कोशात ‘कोलंबो’ या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं एक खोटंच नाव पेरून ठेवलं होतं. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या गाजलेल्या खेळात तेच नाव उत्तर म्हणून सापडलं आणि 1984 मध्ये त्याने खेळवाल्यांना कोर्टात खेचलं. कोर्टाने त्याचं ऐकलं नाही. माहितीवर मालकी नसते म्हणे. आपल्याकडे कोणी मुद्दाम पेरायची गरजही पडली नाही. राष्ट्रीय खेळ हॉकी, हे आपण सगळ्यांनी घोकलं. 2012 साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहिती अधिकारात विचारल्यावर सरकारने कळवलं, की असा कुठलाच खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. प्रश्न मात्र अजून विचारला जातो आणि ‘हॉकी’ला गुणही मिळतात.

आमच्या भागात भांडण लागतं ते अणुभट्टीवरून. ‘भारतातली पहिली अणुभट्टी?’ असं कोणी घाईत विचारलं की अर्धा मंडप ‘तारापूर’ म्हणून ओरडतो, आणि ते चूक आहे. पहिली भट्टी तुर्भ्याची ‘अप्सरा’, 4 ऑगस्ट 1956 ची, संशोधनासाठीची. तारापूर पहिलं ते वीज करण्यात. अशा वेळी परीक्षकाला माइक हातात घेऊन भट्टी आणि केंद्र यांतला फरक सांगावा लागतो, आणि तोही केंद्रातून रिटायर झालेल्या चार जणांच्या समोर.

जिल्ह्यांचा प्रश्न तर त्याहून अवघड. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, राज्यातला 36 वा. ठोकळा त्याआधी छापलेला असेल तर त्यात 35 जिल्हे आणि पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका. गटातला एखादा अभ्यासू मुलगा तसं उत्तर देतो, समोरचा गट हसतो, हा पान उघडून दाखवतो. पुस्तकात छापलंय म्हटल्यावर गुण द्यावे लागतील, असं त्याचे साथीदार म्हणतात. परीक्षक सेक्रेटरीकडे बघतो. सेक्रेटरी वर्गणीच्या पावतीपुस्तकाकडे बोट दाखवतो: छापील पत्त्यात शेवटचा शब्द जिल्हा पालघर. गुण मिळत नाहीत. शेवटी तडजोड म्हणून प्रश्न रद्द होतो आणि माइकवाला घाईघाईने पुढचा वाचतो, कारण तोवर भजनी मंडळ जेवून आलेलं असतं.