अन्बारचा धडा

फुरात नदीकाठचा अन्बार हा इराकचा सर्वांत विस्तीर्ण प्रांत. २००३ साली तेथे अमेरिकन फौजा आल्या. परक्यांशी लढण्याच्या नावाखाली अल-कायदाही शिरली. पण ती टोळीप्रमुखांवरच उलटली. ऑगस्ट २००६ मध्ये एका शेखाला मारून तिने त्यांचा मृतदेहही दफनासाठी दिला नाही. टोळ्या संतापल्या. सप्टेंबरात रमादीच्या शेख अब्दुल सत्तार अबू रिशांनी त्यांना एकत्र आणले, तरुणांना पोलिसांत धाडले. वर्षभरात रमादी निवळली. पण १३ सप्टेंबर २००७ रोजी शेखही बॉम्बने मारले गेले. या लढवय्यांना नोकऱ्या देण्याचे वचन बगदाद सरकारने पुरते पाळले नाही. नाराजी वाढली; मे २०१५ मध्ये रमादी इसिसच्या हाती पडली. विद्यार्थी मित्रांनो, संकटात साथ देणाऱ्यांना विसरणाऱ्या राज्याची शांतता अल्पायुषी ठरते.