कास पठार

महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावरचे सपाट पठार. ते सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किमी. अंतरावर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,२०० मी. आहे.

भूरचना : येथे बेसाल्ट खडकाच्या दीर्घकालीन विदारणातून जांभा खडक तयार झाला आहे. लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे प्रमाण जास्त असलेल्या या कठीण थराने माथा सपाट राखला. त्यावरील माती अत्यंत उथळ आहे. पावसाळ्यात पाणी खाचखळग्यांत साचते. उन्हाळ्यात पृष्ठभाग कोरडा व तप्त होतो. पठाराच्या दक्षिणेस सातारा शहराला पाणी पुरवणारा कास तलाव आहे.

वनस्पती : मोठे वृक्ष येथे मूळ धरू शकत नाहीत, मात्र ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत तेरडा, गेंद, सोनकी, कवला यांचे ताटवे फुलतात. टोपली कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदा बहरते. वायतुरा ही साताऱ्याच्या पठारांवरील प्रदेशनिष्ठ वनस्पती होय. निकृष्ट मातीतील नायट्रोजनाची उणीव दवबिंदू व सीतेची आसवे या वनस्पती कीटक व सूक्ष्मजीव पचवून भरून काढतात.

प्राणी : बेडूक, सरडे, फुलपाखरे व चंडोलासारखे जमिनीवर घरटी करणारे पक्षी येथे आढळतात.

संरक्षण : २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. उथळ माती पायांखाली तुडवली गेल्यास रोपे व बीजे नष्ट होतात. म्हणून पर्यटकांनी आखलेल्या वाटेवरूनच चालणे आवश्यक आहे.