पडदा मोठा, वाट अरुंद

राज्यांचा इतिहास लढायांवरून लिहितात, तसाच तो रस्त्यांवरूनहि लिहितां येतो. संगणकाच्या बाबतींत हा दुसरा मार्गच आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांस अपुरा पडूं लागला म्हणजे गृहस्थ मोठा व सूक्ष्म चित्र दाखविणारा मॉनिटर घरीं आणतो. पण तेथवर चित्र ज्या हातभर केबलमधून जावयाचें, तिची चौकशी क्वचितच होते.

सन १९८७ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें आपल्या पी. एस./२ संगणकांबरोबर व्ही. जी. ए. ही पद्धति प्रचारांत आणली. तिच्या जोडणीस पंधरा पिनांची जागा असे, आणि चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे एकंदर ३,०७,२०० बिंदूंचें. रंगांची माहिती विद्युद्दाबाच्या चढउतारांतून जात असे. बिंदु वाढत गेले तसतसें या वाटेनें जाणारें चित्र पुसट होऊं लागलें. म्हणून १९९९ मध्यें डी. व्ही. आय. निघाली व चित्र आंकड्यांच्या रूपानें धाडतां येऊं लागलें.

तथापि पडद्याची वाढ वाटेच्या पुढेंच राहिली. २००१ सालीं आय. बी. एम.नेंच टी २२० हा सुमारें बावीस इंची मॉनिटर काढला. त्याचे बिंदु ३८४० बाय २४००. डी. व्ही. आय.ची एकेरी जोडणी १९२० बाय १२०० पर्यंतचें चित्र सेकंदास साठ वेळां नेई. येथें भार बरोबर चौपट! चार जोडण्या लावूनहि चित्र सेकंदास सुमारें ४१ वेळांच बदले. पडदा तयार होता, रस्ता तयार नव्हता.

पुढें दूरदर्शन-संचांकडून एच. डी. एम. आय. आली, आणि २००६ मध्यें संगणकांसाठीं डिस्प्लेपोर्ट. आज घरोघर येणाऱ्या फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदु असतात. १९८७ च्या सत्तावीसपट. दर बिंदूच्या रंगास २४ बिट व सेकंदास ६० चित्रें धरिलीं, तर सेकंदास जवळजवळ १२ अब्ज बिट वाहून न्यावे लागतात. एच. डी. एम. आय.च्या २००९ मधील १.४ आवृत्तीस हें झेपत नसे; तिजवर असें चित्र सेकंदास तीसच वेळां जाई. साठाची सोय २०१३ च्या २.० आवृत्तीनें केली. जुन्या लॅपटॉपवर नवा पडदा लावला असतां माऊसचा बाण अडखळत चालतो, त्याचें कारण पुष्कळदां हेंच. दोष पडद्याचा नसतो.

२०१४ मध्यें यूएसबी-सी आली व वीज, माहिती आणि चित्र हीं तिन्हीं एकाच तोंडांतून जाऊं शकतील अशी व्यवस्था झाली. ही सोय मोठी खरी. पण तिनें एक नवा घोटाळा आणला. पूर्वीं जोडणी जुळत नसली तर तें उघड दिसे. आतां केबल बिनतक्रार बसते, आणि पडदा मात्र काळाच राहतो; कारण त्या तोंडांतून चित्र पाठविण्याची योजना प्रत्येक कारखानदार करतोच असें नाहीं. अडचण गेली नाहीं, ती सारख्या दिसणाऱ्या तोंडाआड लपली.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, या बाबतींत कारखानदारांनीं यंत्रावर व केबलवर तिची शक्ति स्पष्ट अक्षरांत छापावी. तोंवर ग्राहकानें लॅपटॉप, केबल व मॉनिटर या तिहींविषयीं विचारावें: किती बिंदु, आणि सेकंदास किती वेळां? तिघांत जो दुर्बळ, त्याच्या बेतानेंच चित्र मिळणार. आमच्या देवनागरीस तर ही चौकशी अधिकच अगत्याची. जोडाक्षराचा बारीक दुवा व माथ्यावरचा अनुस्वार स्पष्ट दिसावा म्हणूनच आपण सूक्ष्म पडद्यास पैसे मोजतों. ते केबलपाशीं वायां जाऊं नयेत.