फाळ, इंजिन, ट्रॅक्टर : खानदेशातील शेतयंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास

जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांच्या तापीखोऱ्यात तीस-चाळीस वर्षे जुना ट्रॅक्टर चालू स्थितीत आढळणे ही नवलाची गोष्ट नाही. त्याचे कारण बहुधा यंत्राच्या दणकटपणात शोधले जाते. परंतु ते या भागातील दुरुस्तीच्या धंद्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल, कारण हा धंदा येथे ट्रॅक्टरच्या आगमनाआधी सुमारे शंभर वर्षे रुजत आलेला होता. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला फिटर, टर्नर आणि ओतकाम जाणणारे कारागीर आयते मिळाले, आणि हे कारागीर कोठून आले हे पाहिल्यावाचून खानदेशातील जुन्या यंत्रांच्या दीर्घायुष्याचा उलगडा होत नाही.

यंत्रयुगापूर्वी शेतीच्या अवजारांची निगा बलुतेदारीच्या चौकटीत बसलेली होती. नांगर, वखर, पाभर आणि कोळपे ही लाकडी अवजारे गावचा सुतार घडवी व दुरुस्त करी, लोहार फाळ व पास शेवटून देई, म्हणजे झिजलेले टोक तापवून, ठोकून पुन्हा धारेवर आणी, आणि या कामाचा मोबदला दर खेपेला न घेता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने घेतला जाई. या व्यवस्थेत सुट्या भागाची कल्पना नव्हती, कारण प्रत्येक अवजार त्या-त्या सुताराच्या हातचे असल्यामुळे एका नांगराचा भाग दुसऱ्याला बसेलच अशी खात्री नसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० पासून किर्लोस्करवाडीला त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले, तेव्हा हे चित्र पालटू लागले. लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीमुळे हा नांगर सुरुवातीला खपेना, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी लक्षात घेतली गेलेली गोष्ट अशी की, या नांगराने साच्यातून निघालेला, मापाचा, दुकानातून विकत आणून नटबोल्टाने बसवता येणारा फाळ शेतकऱ्याच्या हाती दिला. हरळी आणि कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे काढण्यासाठी भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट करणाऱ्यांना या नांगराचे मोल लवकर कळले, आणि बलुत्याच्या जोडीला रोखीचा व्यवहार शिरला.

कारागिरांची दुसरी परंपरा कापसाबरोबर आली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासली, त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून भुसावळकडे गेला, आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. पुढील दशकांत सरकी वेगळी करणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस वाफेच्या शक्तीवर चालू लागले. जळगावची सूतगिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप मिल निघाली. १९०० साली चाळीसगाव–धुळे हा फाटा सुरू होऊन धुळेही रेल्वेला जोडले गेले. जिनचे काम हंगामी असल्यामुळे पावसाळ्यात यंत्रे उघडून साफ करणे, रोलर बदलणे, शाफ्टची ओळ तपासणे ही कामे स्थानिक माणसांकडून करून घ्यावी लागत, कारण दर वर्षी मुंबईहून मिस्त्री आणणे परवडणारे नव्हते. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात आणि लोको शेडमध्ये शिकलेल्या कामगारांची भर यात पडली. जिन आणि रेल्वे या दोन ठिकाणांहून बाहेर पडलेले हात पुढे तालुक्याच्या गावांत लेथ लावून बसले, असे म्हणण्यास जागा आहे.

या हातांना शेतीकडे वळवले ते विहिरीवरच्या इंजिनाने. तोपर्यंत पाणी उपसण्याचे साधन म्हणजे मोट : चामड्याची मोठी पिशवी, तिला लावलेले नाडा व सोंदूर हे दोर, आणि उतरत्या धावेवरून मागे-पुढे चालणारी बैलजोडी. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या रचनांत हेच मोटेचे, नांगराचे आणि बैलांचे जग आहे, आणि त्यांचा संग्रह १९५२ साली प्रकाशित झाला तेव्हा त्या जगाचा अस्त जवळ आलेला होता. लिंकन येथील रस्टन अँड हॉर्न्सबी आणि डर्सली येथील लिस्टर या इंग्लिश कंपन्यांची इंजिने हिंदुस्थानात आधीपासून येत होती. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिन बनवले, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि स्वातंत्र्यानंतर तगाईची व सहकारी कर्जे मिळू लागताच विहिरीशेजारी इंजिनाची खोली ही बागायतदाराची खूण बनली.

ही जुनी इंजिने मंदगती प्रकारची होती, म्हणजे त्यांचा फेरा मिनिटाला साधारण सहाशे-साडेसहाशे एवढाच असे आणि एका सिलिंडरच्या ठोक्याठोक्यांमधील अंतर दोन जड चाके आपल्या वेगाने भरून काढीत. हँडल मारण्यापूर्वी कळ उचलून सिलिंडरमधील दाब मोकळा करावा लागे, आणि चाके गतीत आली की कळ सोडून द्यायची, एवढे तंत्र सालदारालाही सहज जमे. इंजिन थंड ठेवण्यासाठी पंपाने उपसलेल्याच पाण्याचा एक फाटा इंजिनाभोवती फिरवून पाटात सोडीत. अशा यंत्राची दुरुस्ती करणाऱ्याला मोठी साधनसामग्री लागत नसे. मात्र हाताची नजर लागे. क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग कथिल आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे, व्हाइट मेटलचे, असे. ते झिजले की वितळवून पुन्हा ओतायचे, क्रँकला निळा रंग लावून फिरवून पाहायचे, जेथे रंग उमटेल तेथे पातळ पाते घेऊन खरवडायचे, आणि सर्व पृष्ठभागावर रंग सारखा उमटेपर्यंत हे चालू ठेवायचे. खानदेशातील जुन्या मिस्त्रींची कसोटी या खरवडण्यात लागे. १५०० फेऱ्यांची, वजनाने हलकी आणि वेगवान इंजिने आल्यावर बेअरिंगही तयार मापाचे मिळू लागले. क्रँक दहा, वीस किंवा तीस थाउ घासायचा, म्हणजे इंचाचा तितका हजारावा भाग कमी करायचा, आणि त्या मापाचे बेअरिंग घालायचे, असा नवा रिवाज पडला. ओतकामाची विद्या मागे पडली आणि तिच्या जागी ग्राइंडिंगचे यंत्र घेऊ शकणाऱ्या भांडवलाचे महत्त्व वाढले. हा बदल तंत्राचा होता तितकाच धंद्यातील दर्जाचाही होता.

खानदेशाच्या पश्चिमेस असलेल्या गुजरातचा यातील वाटा मोठा आहे. राजकोटच्या ओतशाळांनी लिस्टरच्या नमुन्यावर इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवले, आणि मूळ इंग्लिश इंजिनाचा मालकही त्याला राजकोटचा पिस्टन किंवा हेड बसवू लागला. १९६० नंतर विहिरींवर वीज पोहोचली तशी विजेच्या मोटारींनी इंजिनांना बाजूला सारले, तरी भारनियमनाच्या भीतीने अनेकांनी ती मोडीत काढली नाहीत. काही पिठाच्या गिरणीला जोडली गेली, काही उसाच्या चरकाला. याच काळात जळगावात शेतीच्या साधनांचा संघटित व्यापार वाढला. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ साली रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला आणि पुढे ट्रॅक्टर, पाइप, खते व बियाणे यांच्या एजन्सी घेतल्या. त्यांचे नाव आज ठिबक सिंचनाशी जोडले जाते.

ट्रॅक्टरचा प्रसार खऱ्या अर्थाने या टप्प्यावर सुरू झाला. फरीदाबादला आयशरने १९५९ साली देशात ट्रॅक्टर बनवण्यास आरंभ केला, मद्रासला टॅफे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस निघाली, आणि १९६३ साली मुंबईत महिंद्रा व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली, जिने ब्रिटनमधील ब्रॅडफर्डचा बी-२७५ हा नमुना येथे आणला. याच इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली अमेरिकेत घराभोवतीच्या हिरवळीसाठी ‘कब कॅडेट’ हा बागेचा ट्रॅक्टर काढला होता, आणि आज तिकडे तो हौशी संग्राहकांच्या हाती मूळ रंगासह पुन्हा उभा केला जातो. तिच्याच बी-२७५ ला खानदेशात असा मान कोणी दिला नाही, कारण तो निवृत्तच झाला नाही. येथे एक आर्थिक कारण निर्णायक ठरले. भारतीय कारखान्यांनी साठच्या दशकातील रचना किरकोळ फेरफारांसह कित्येक दशके चालू ठेवल्या. टॅफेच्या ट्रॅक्टरांचा वंश मॅसी फर्ग्युसनच्या १९५० च्या दशकातील नमुन्यापर्यंत पोहोचतो. नवेपणाच्या अभावाबद्दल या कारखान्यांवर टीका झाली आणि ती रास्तही होती, परंतु त्याच अभावामुळे जुन्या ट्रॅक्टराला लागणारा भाग धुळ्याच्या दुकानात मिळत राहिला. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदत असल्यामुळे मालमोटारींच्या दुरुस्तीची कामशाळा तेथे आधीच होती, आणि तिचे लेथ, वेल्डिंग व डिझेल पंपाचे कसब ट्रॅक्टरलाही लागू पडले.

छोट्या ट्रॅक्टराची गरज मात्र पिकाच्या ओळींतून निर्माण झाली. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात केळी परंपरेने दीड मीटर बाय दीड मीटरवर लावली जाते, आणि तेवढ्या जागेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. कापसात सुरत येथे १९७० साली निघालेल्या एच-४ या संकरित वाणानंतर लागवड विरळ झाली, चौफुलीवर लावलेल्या शेतात आडवी-उभी कोळपणी होऊ लागली, आणि बैलांचे हे काम एखादे अरुंद यंत्र करू शकेल अशी जागा तयार झाली. बैलजोडीची किंमत, वैरण आणि आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला वर्षाचा करार होणाऱ्या सालदाराची साल वाढत गेली तसा हा हिशेब छोट्या यंत्राच्या बाजूने झुकला. बंगळुरूच्या व्हीएसटीने १९६० च्या दशकातच जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत हाकायचे दुचाकी मशागत यंत्र, बनवण्यास घेतले होते. पुढे तिचे छोटे ट्रॅक्टर आले, राजकोटचे आले, आणि २०१० च्या सुमारास महिंद्रांचा पंधरा अश्वशक्तीचा युवराज आला.

या यंत्रांच्या निगेचे वेळापत्रक पंचांगाशी जुळलेले आहे. रब्बी निघाल्यावर आणि मृग लागण्यापूर्वी, म्हणजे आखाजीच्या आगेमागे, कामशाळांत इंजिने उघडलेली दिसतात : लायनर-पिस्टन बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, नोझलचा फवारा तपासणे, क्लच प्लेट पाहणे आणि पुढच्या चाकांचे बुश बदलणे. धुळीच्या प्रदेशात एअर क्लीनरमधील तेल वेळेवर न बदलणे हेच इंजिन लवकर बसण्याचे मोठे कारण ठरते, तरी दुरुस्तीपूर्व निगेपेक्षा दुरुस्तीलाच अधिक मान देण्याची सवय येथेही आहे. खंडेनवमीला पान्यांची आणि इंजिनाची पूजा होते. एअर क्लीनरची आठवण मात्र धूर काळा झाल्यावर येते.

अशा ट्रॅक्टराला ऐतिहासिक वस्तू म्हणून कायद्यात स्थान नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठी फेररचना न झालेल्या वाहनांना ‘विंटेज’ नोंदणी दिली, पण ती दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहनांपुरती. आणि ट्रॅक्टर त्यात आला असता तरी खानदेशातील क्वचितच एखादा त्या व्याख्येत बसला असता, कारण दोन-तीनदा बदललेले इंजिनाचे अंतरंग, दुसऱ्या कंपनीची सीट आणि स्थानिक वेल्डिंगचे टोचण हीच त्याच्या हयातीची अट होती.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले, इंधन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेले, आणि त्यातील बिघाड शोधण्यासाठी लागणारे संगणकीय साधन अधिकृत सेवा केंद्रातच मिळू लागले. त्याखालील ट्रॅक्टर, आणि त्यात केळीच्या व कापसाच्या ओळींत फिरणारे सर्व छोटे ट्रॅक्टर येतात, अद्याप जुन्या यांत्रिक पंपावर चालतात. तो पंप उघडून, टेबलावर लावून, प्रत्येक सिलिंडरला जाणारे डिझेल मोजनळीत सारखे येते का हे पाहणारा कारागीर तालुक्याच्या गावी अजून मिळतो.